नांगर हलता कामा नये

मांडवा, ६ मार्च

भाऊ,

पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच. आबा माझ्याजवळ आहेत. धडधाकट आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून पेरू कापतायत.

ते देवपूरला पोचलेच नाहीत, हे तुला एव्हाना कळलं असेल. तुझ्या सासरच्या लग्नाला जातो म्हणून सावद्याहून निघाले, भुसावळला धुळ्याच्या एस्टीत बसायचं सोडून मुंबईची गाडी धरली आणि काल दुपारी लाँचमधून इथे उतरले. मी धक्क्यावर दोर गुंडाळत होते. मागून आवाज आला, "रूपे, तुले जेवाले काही भेटते का अठी?" मी घर सोडल्यापासून त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तोंड उघडेपर्यंत पिशवीतून डबा निघाला होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा.

म्हणजे आईला ठाऊक होतं. तिच्यावर डाफरू नकोस. मी कुठे आहे हा पत्ता त्यांना कुणी दिला, तेही मला विचारू नकोस, मी सांगणार नाही. फोन घरी चार्जिंगला राहिला म्हणतात. चार्जरसुद्धा घरीच आहे, म्हणजे राहिला की ठेवला ते तूच ठरव. माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टने टाकते.

मी काय करते हे तुला कुणी धड सांगितलेलं नसणार, तर ऐक. गोव्यात शिडाच्या बोटी चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथे मी आधी हिशेब लिहायला लागले, मग बोटी धुवायला, मग शिकायला, आणि आता शिकवते. मालकाने मुंबईत एक जुनी बोट घेतली. ती गोव्याला न्यायचं काम मेल्विनवर आणि माझ्यावर आहे. मेल्विन माझ्याबरोबर शिकवतो, गोव्याचा आहे, लग्न झालेला आहे, दोन मुली आहेत. तुझ्या मनात यायच्या आधीच सांगून टाकलं.

बोट लहानशी आहे. आत झोपायला बाकं, एक शेगडी, एक मोरी. आबांनी सगळी फिरून पाहिली आणि म्हणाले, "आपल्या मळ्यातल्या खोलीपेक्षा बरी हाये." आता म्हणतात, रत्नागिरीपर्यंत येतो. तिथून मी त्यांना गाडीत बसवून देईन.

तुला हे आवडणार नाही. गावात मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. सुकदेव पाटलाची पोरगी वाऱ्यावर गेली. आणि आबा स्वतः काय म्हणायचे तेही माहीत आहे. मे महिन्यात वादळात केळी आडवी झाली की आपण म्हणतो ना, बाग वाऱ्यात गेली. तसं ते लोकांना सांगायचे, "मोठीचं विचारू नका, ती वाऱ्यात गेली." नुकसानीचा पंचनामा केल्यासारखं. मी रागावले नव्हते असं नाही. चांगली भडकले होते.

काल संध्याकाळी शीड उभारून दाखवलं, तर बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "केयीले वारा नको, अन् तुले वाराच पाहिजे. एका घरात कसं जमाव?" हे त्यांनी हसून म्हटलं. मी हसले नाही, मला रडू आलं, तर म्हणे कांद्याला हात लावलास का.

घोर लावून घेऊ नकोस. बोटीला डिझेल इंजिन आहे, वारा पडला तर ते चालवायचं. लाइफ जॅकेट आहेत, वायरलेस आहे. आबांना नखाएवढा धक्का लागला तर सावद्याचं दार मला कायमचं बंद, हे मला कळतं. त्यांना जसे आले तसे परत पाठवीन.

रूपा


हर्णै, ११ मार्च

भाऊ,

आम्ही हर्णैला आहोत. सगळं ठीक आहे. इंजिन जरा कुरकुर करतंय, बाकी काही नाही.

आबांच्या बीपीच्या गोळ्या इथल्या मेडिकलमध्ये मिळाल्या. नाव कुठून कळलं म्हणशील, तर कळलं. तू घरात काय बोललास तेही माझ्यापर्यंत पोचलं, 'आबांना काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही.' भाऊ, तसंही तू बघत नाहीस. दुसरी काहीतरी धमकी शोध.

आबांना बोट लागली नाही. मेल्विनला वाटलं होतं पहिल्या दिवशी ओकतील, तर हे पायरीवर मांडी घालून बसले आणि आम्हालाच सल्ले. पहिल्या दुपारी वारा वाढला तेव्हा त्यांनी विचारलं, "सातपुडा कोनीकडे आला?" मी म्हटलं, आबा, इथे सातपुडा नाही. घरी त्यांचा सगळा अंदाज त्या डोंगरावरच्या ढगावर. चार वाजता ओट्यावर उभं राहून बघायचे आणि आपण सगळे त्यांच्या तोंडाकडे. इथे त्यांना वारा कुठून येणार ते सांगता येईना, त्याचं फार वाईट वाटलं त्यांना. मग मी भूगोलाचं पुस्तक काढलं. खारे वारे, मतलई वारे. आठवतंय? सहावीत पाठ केलं होतं आपण आणि सावद्यात त्याचा काय उपयोग म्हणून तू गुरुजींशी भांडला होतास. इथे तेच आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे जोराचा, आणि दोन्हीच्या मधे काहीच नाही. आबांनी लगेच पकडलं. आता मधल्या वेळात वारा पडला की मेल्विनला सांगतात, "थांब ना बाप्पा, पाळी बदलून रायली."

हात काही स्वस्थ नाहीत त्यांचे. दिसेल ते बांधून ठेवतात. बादली बांधली, किटली बांधली, मेल्विनच्या चपला बांधल्या. केळीवाल्याचा हात, काय करणार. वारा म्हटलं की टेकू द्यायचा आणि सुतळी आवळायची. पिशवीत सुतळीची गुंडी घेऊनच आलेत.

हर्णैला आडोसा नाही, उघडा समुद्र आहे. म्हणून रात्री मी त्यांना बजावलं, आबा, इथे आपलं सगळं नांगरावर आहे, नांगर हलता कामा नये. त्यांनी मान डोलावली. दर थोड्या वेळाने उठून पुढे जाऊन बघून येत होते.

उद्या जयगडकडे निघू. तिथे आडोसा चांगला आहे.

रूपा


जयगड, १४ मार्च

भाऊ,

आधी हे. आबा बरे आहेत. डाव्या तळहाताला दोर घासून सालटं निघालंय, त्याला औषध लावलं. बाकी काही नाही. आता खरं लिहिते.

मागच्या पत्रात मी तुला इंजिन कुरकुर करतंय म्हणून लिहिलं. ते कुरकुरत नव्हतं, बंद पडलं होतं. म्हणजे इंजिन चालू होत होतं, पण त्याचा जोर खालच्या पंख्यापर्यंत पोचत नव्हता. मधला गिअरबॉक्स गेला, आत खारं पाणी शिरलं होतं. हर्णैच्या अलीकडेच झालं हे. आबांनी विहिरीवरची इंजिनं आयुष्यभर फिरवली, तेही वाकून बघत बसले. "चालू तं हाये, मंग बोट कामून नही चालत?" मी समजावलं. म्हणाले, "म्हंजे बैल जागेवर अन् औत तुटलं." अगदी तेच. आणि ते पाण्यात दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

तेव्हा मी आबांना हर्णैला उतरवून एस्टीत बसवू शकले असते. तू हेच विचारणार, म्हणून आधीच सांगते. मी त्यांना म्हटलं, उतरा. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं नाही. मला त्यांना उतरवायचं नव्हतं, भाऊ. किती वर्षांनी माझ्या हातची खिचडी खात होते आणि मीठ कमी आहे म्हणून सांगत होते. मला ते अजून दोन दिवस हवे होते.

आणि खरं तर बिनइंजिनाची बोट म्हणजे बुडणारी बोट नव्हे. इंजिन नंतर आलं, शिडं आधीपासून आहेत. फक्त डोकं वेगळं ठेवावं लागतं. इंजिन असलं की माणूस ठरवतो अमक्या वेळेला पोचायचं आणि पोचतो. इंजिन नसलं की वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळेला आपण उठायचं. किनाऱ्यापासून लांब राहायचं, कारण वारा पडला तर बोट पाण्याबरोबर वाहत जाते, आणि खडकापर्यंत वाहत जायला जितकं अंतर असेल तितकाच वेळ आपल्या हातात. मोठी जहाजं दिसली की आधीच बाजूला व्हायचं, ती आपल्यासाठी थांबत नाहीत. जिथून शिडावर बाहेर पडता येणार नाही अशा जागी शिरायचंच नाही. आणि बंदरात शिरताना नांगर हाताशी. कारण इंजिन असलं की मागे घेता येतं, थांबता येतं. शिडाच्या बोटीला ब्रेक नाही. नांगर हाच ब्रेक.

हे सगळं मी मुलांना शिकवते. रोज शिकवते. मेल्विन आणि मी हर्णैला बसून सगळं ठरवलं. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, चांगलं आत समुद्रात राहायचं, दुपारच्या वाऱ्यावर खाली यायचं आणि उजेड असताना, वाऱ्याला अजून जोर असताना जयगडच्या खाडीत शिरायचं. तसंच झालं. इतका सुंदर दिवस गेला की काय सांगू. आबांना सुकाणू दिलं. बैलाचा कासरा धरल्यासारखं धरून बसले होते, जरा ओढायचे, जरा सोडायचे. मेल्विन म्हणाला, तुझ्या बाबाचा हात हलका आहे. आबांनी मला विचारलं, "काय म्हने तो?" मी सांगितलं. मग पुढे सगळा वेळ कुणाला हात लावू देईनात.

जयगडला किल्ल्याचं टोक ओलांडून आत वळलो की आडोसा मिळतो. आडोसा म्हणजे वाराही कमी. तो कमी होणार हे मला माहीत होतं. पण तो एकदम मेला. शीड पडदा लटकावा तसं लटकलं. आणि ओहोटी चालू होती, खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं. बोट सरळ थांबली नाही, तिरकी तिरकी खडकांकडे सरकायला लागली. अजून तसं घाबरायचं कारण नव्हतं. अशा वेळी नांगर टाकायचा, पाणी फिरेपर्यंत बसायचं, चहा करायचा. मी मेल्विनला म्हटलं, टाक नांगर.

मेल्विन पुढे गेला आणि कोकणीत काहीतरी बोलला. मग हाक मारली, रूपा, हा बांधलाय.

भाऊ, आबांनी नांगर बांधला होता. सकाळी हर्णैहून निघताना आम्ही तो वर घेतला, पुढच्या टोकावर ठेवला, आणि आम्ही शिडात गुंतलो तेव्हा यांनी तो सुतळीने आवळला. कारण मीच रात्री बजावलं होतं ना, नांगर हलता कामा नये. माझ्या मनात होता समुद्राच्या तळाशी रुतलेला नांगर. त्यांच्या डोळ्यापुढे होता तो लोखंडाचा तुकडा. तो हलू नये म्हणून त्यांनी त्याला घडाच्या झाडाला टेकू बांधतात तसा बांधला. ती गाठ तुला माहीत आहे. जूनच्या वादळातसुद्धा ती सुटत नाही. तुम्ही दोघं बांधायचात आणि घड उतरवताना ती कापावी लागायची.

मेल्विनचा सुरा खाली शेगडीजवळ होता. तो त्याच्यासाठी खाली धावला. मी मागे होते. इंजिन गेल्यापासून दुसरा लहान नांगर मी मागच्या बाजूला तयार ठेवला होता, एवढी अक्कल होती मला. तो सोडला. तो आधी घसरला, घसरतच राहिला. दोर माझ्या हातातून पळत होता. मला खडकांना चिकटलेली शिंपल्यांसारखी कालवं दिसत होती, पांढरी पांढरी. त्या वेळी मी बोटीचा विचार करत नव्हते. तुझा करत होते. माझ्या भावाला, ज्ञानेश्वरला मी काय सांगू, एवढंच डोक्यात. देवाला हाक मारली असं लिहायला बरं दिसेल, पण मी तुलाच हाक मारली.

मेल्विन वर यायच्या आत आबा पुढे पोचले होते. बसून गेले, रांगतच. पेरू कापायचा चाकू बंडीच्या खिशात होता, तो काढून त्यांनी स्वतःची गाठ कापली. मग साखळी सुटली. ती सुटताना दोर त्यांच्या हाताला घासून गेला. मोठा नांगर तळाला गेला, बोटीने एक हिसका घेतला, फिरली आणि उभी राहिली. मागच्या लहान नांगरानेही त्याच वेळी तळ धरला. खडक तिथेच होते, पण आम्ही आता त्यांच्याकडे जात नव्हतो.

आम्ही दोन्ही दोर पक्के केले. मग आबा म्हणाले, "तूच तं सांगितलं व्हतं, हलला नही पाहिजे."

मी म्हटलं, हो आबा, मीच सांगितलं होतं.

"मले नांगर म्हन्लं का औत दिसते. मले काय ठावं, तुमचा टाकाचा असते."

मेल्विन हसायला लागला आणि थांबेचना. मग मी. आबा हसले नाहीत. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी जेवायला उठवलं तर म्हणाले, भूक नाही. संध्याकाळी भरती आली, आम्ही मच्छीमारांच्या एका होडीला विनंती करून बोट आत आडोशाला ओढून घेतली. हे मी आधीच करायला हवं होतं असं तुला वाटेल. मलाही वाटतंय. पण आता ते आहे असं आहे.

हे तुला कशाला लिहिलं? लपवलं असतं तर तुला कळलं नसतं. आबा बोलणार नाहीत, मेल्विनला तू ओळखत नाहीस. पण तू धमकी दिलीस तेव्हा मी तुला टोमणा मारला होता. धमकी चुकीची नव्हती. आबांना घेऊन असं निघायचा धोका मी माझ्या हावेपायी घेतला, आणि तुझी भीती खरी होती. एवढ्यापुरतं मी तुला कबूल करते. बाकीचं नाही. नवऱ्याचं, प्रेमराजचं घर सोडून मी निघाले, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

रूपा


जयगड, १६ मार्च

भाऊ,

हे पत्र पोस्टाने नाही, आबांच्या हातून येतंय. म्हणजे तू हे वाचतोयस तर आबा तुझ्या दारात उभे आहेत. आधी त्यांना आत घे, पाणी दे. पत्र कुठे पळून जात नाही.

मेल्विन गिअरबॉक्सचं सामान आणायला मुंबईला निघालाय. तो त्यांना रत्नागिरीहून कल्याणपर्यंत सोबत करील आणि भुसावळच्या गाडीत बसवून देईल. भुसावळला कुणी घ्यायला या असा निरोप मी पाठवला आहे. कुणाकडे, ते आता लपवण्यात अर्थ नाही. काल आबांनी सगळं सांगून टाकलं, म्हणून लिहिते. मांडव्याचा पत्ता त्यांना दिपमाला वहिनीने दिला. गोळ्यांचं नावही तिनेच कळवलं. एकाच मांडवात ती आपल्या घरी आली आणि मी तिच्या भावाच्या घरी गेले. मी तिथून निघाले तेव्हा तुझ्या संसारात मिठाचा खडा पडला, तिला माहेरचे आणि सासरचे दोघांचेही बोल खावे लागले, म्हणून तू माझं नाव घरात घेऊ देत नाहीस. तिच्यासाठीच ना? मग तिला एकदा विचारून बघ. मी तिला गेली तीन वर्षं दर दिवाळीला आणि कुठे नवीन जागी निघाले की फोन करते. ती मला प्रेमराजचं सगळं सांगते, त्याचं दुसरं लग्न झालं ते, मुलगी झाली ते. तिने मला एकदाही बोल लावला नाही. तू तिच्या वतीने रागावून बसला आहेस आणि तिचा राग केव्हाच सरला आहे. तिच्यावर आवाज चढवू नकोस. चढवायचाच तर माझा नंबर चालू कर.

दोन दिवस आबा बोटीबाहेर पडायला तयार नव्हते. खरं सांगू? त्यांना गोव्यापर्यंत यायचं होतं. म्हणाले, आता मले नांगराचं समजलं, आता चूक व्हनार नही. बोटीवर कप्तानाचं चालतं आणि कप्तान मी आहे, म्हणून मी त्यांना उतरा म्हटलं. तुला वाटेल रूपाला हुकूम करायला आवडतो. तुला माझं बालपण आठवत असेल तर तसंच वाटेल. पण या वेळेला नाही आवडलं.

तेव्हा त्यांनी पिशवी भरायला घेतली. मग म्हणाले, "मले कमलने पाठोलं." आईने. ती रोज विचारायची म्हणे, पोरगी राहते कशी, खाते काय, झोपते कुठे, तिला कुणी आहे का. घरात नाव काढायची बंदी, म्हणून रात्री अंधारात विचारायची. आबा रोज म्हणायचे, मले काय ठावं. शेवटी ती म्हणाली, मग जाऊन पाहून या. तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत, नाहीतर तीच आली असती. म्हणून हे लग्नाला जातो सांगून निघाले. त्यांना माझी बोटही बघायची नव्हती, वाराही नाही. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर आणायला आले होते.

आणि आता ते धास्तावलेत. मला म्हणतात, "तिले काय सांगू मी? खडक सांगू का?" मी म्हटलं, खडक नका सांगू. "मंग काय सांगू? मले तं गोष्ट सांगता येत नही." ते खरं आहे. आबांना केळीचा भाव सोडून दुसरं काही सांगता आलंय का कधी?

तेव्हा ते काम तुझ्यावर. आईला वाचता येत नाही आणि आबांना बोलता येत नाही. तिला ओट्यावर बसव, तूही जवळ बस, आणि इथून पुढचं मोठ्याने वाच. मी लिहिलंय तसंच वाच, 'रूपा म्हणते' असं मधे घालू नकोस, तिला ते कळत नाही, ती गोंधळते. गाळूही नकोस. आबा शेजारी आहेत, त्यांना मी वाचून दाखवलंय. गाळलंस तर ते टोकतील.

आई, मी रूपा बोलते आहे. मी दोन वेळा जेवते. भात जास्त खाते, इथे भाकरीचं पीठ चांगलं मिळत नाही. तू दिलेला ठेचा मेल्विनने संपवला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी खात होता. झोपायला बाक आहे, रुंद आहे, पडत नाही मी. गोव्यात खोली आहे, शेजारी एक म्हातारी आहे, ती ताप आला तर कांजी करून देते. मला कुणी आहे का विचारायचीस, तर नवरा नाही, पण माणसं आहेत. कामावर लोक मला मॅडम म्हणतात. मला भीती वाटते कधी कधी. मधे एक दिवस फार वाटली. पण मी तेव्हा हात सोडला नाही. आबांनीही सोडला नाही. त्यांच्या तळहाताला लागलंय, त्याला रोज हळद लाव, ते सांगायचे नाहीत.

मी तिकडून निघाले ते तुमच्यावर रागावून नाही. तिथे माझा श्वास कोंडत होता, तुला तेव्हा सांगता आलं नाही, आज सांगते.

आई, मला घरी यायचं आहे.

भाऊ, हे शेवटचं वाक्य परत एकदा वाच. जरा मोठ्याने. तिला कमी ऐकू येतं.